वॉशिंग्टन डी. सी. : शस्त्राचा अधिकार आहे, मताचा नाही

अमेरिकेच्या राजधानीतील नागरिक केंद्रीय कर भरतात, सैन्यात भरती होतात, न्यायालयात ज्यूरी म्हणून बसतात आणि परवाना घेऊन अंगावर पिस्तूलही बाळगू शकतात. मात्र ज्या संसदेची वास्तू त्यांच्याच शहरात उभी आहे, त्या संसदेत अंतिम मतदानाच्या वेळी त्यांच्या वतीने मत देणारा एकही सदस्य नाही. शस्त्र आणि मत हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे आहेत. या शहराच्या इतिहासात मात्र ते एकमेकांत गुंतले असून, २००९ मध्ये मताधिकाराच्या बदल्यात शस्त्रनियंत्रणाचे कायदे सोडण्याचा पर्याय शहरापुढे ठेवण्यात आला होता.

राजधानी राज्यांबाहेर का?

१७८३ मध्ये वेतन थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात संसद भरत असलेल्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनिया राज्याने संरक्षणासाठी तुकडी पाठवण्यास नकार दिल्याने संसदेला शहर सोडावे लागले. संसदेने कोणत्याही राज्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा धडा घटनाकारांनी यातून घेतला. जास्तीत जास्त दहा मैल लांब व दहा मैल रुंद असा राजधानीचा प्रदेश निर्माण करून त्यावर संसदेला पूर्ण अधिकार देण्याची तरतूद घटनेत करण्यात आली. १७९० च्या कायद्यानुसार मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या भूमीतून हा प्रदेश आकारास आला. व्हर्जिनियाचा भाग परत देण्याचा कायदा १८४६ मध्ये झाला.

या प्रदेशातील रहिवासी सुरुवातीस आपापल्या मूळ राज्याचे मतदार म्हणून मतदान करीत असत. १८०१ मध्ये संसदेने प्रदेशाचा कारभार हाती घेतला आणि त्यांचा हा अधिकार संपुष्टात आला.

मताधिकाराची अर्धवट वाटचाल

१९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानीला अध्यक्षीय निवडणुकीत तीन निर्वाचक मते मिळाली आणि १९६४ मध्ये नागरिकांनी प्रथमच ती वापरली. १९७० च्या कायद्याने प्रतिनिधिगृहात एका प्रतिनिधीची तरतूद झाली. हा प्रतिनिधी समित्यांमध्ये मत देऊ शकतो, परंतु विधेयकाच्या अंतिम मंजुरीच्या वेळी त्याला मत नसते. सिनेटमध्ये तर तेवढेही स्थान नाही.

१९७३ च्या स्वशासन कायद्याने शहराला निर्वाचित महापौर आणि शहर परिषद मिळाली. तरीही परिषदेचा प्रत्येक कायदा संसदेच्या अवलोकनार्थ जातो आणि संसद तो रद्द करू शकते. १९७८ मध्ये पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती संसदेने संमत केली. त्यासाठी ३८ राज्यांची मान्यता आवश्यक होती. १९८५ मध्ये मुदत संपली तेव्हा केवळ १६ राज्यांनी ती दिली होती.

यानंतर नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. २००० मध्ये तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायालयाने बहुमताने दावा फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रतिनिधिगृहाचे सदस्य ‘राज्यांतील’ जनता निवडते, असे घटना सांगते. राजधानी हे राज्य नाही, सबब हा अधिकार तेथील जनतेस नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रतिनिधित्वाविना करआकारणी या आशयाचा निषेध त्याच वर्षापासून शहरातील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर दिसू लागला.

शस्त्रबंदी आणि न्यायालये

स्वशासन मिळताच नव्या परिषदेने जे महत्त्वाचे कायदे केले, त्यांत १९७६ मध्ये अंमलात आलेला शस्त्रनियंत्रण कायदा होता. त्यानुसार नव्या पिस्तुलांची नोंदणी बंद झाली. घरातील रायफली व शॉटगनही गोळ्या काढून, सुट्या करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवणे बंधनकारक होते.

डिक हेलर हे सरकारी इमारतीत पहाऱ्यावर असताना पिस्तूल बाळगत, परंतु घरी ठेवण्यासाठी त्यांना पिस्तुलाची नोंदणी नाकारण्यात आली होती. त्यांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ऐतिहासिक निर्णय दिला. दुसऱ्या घटनादुरुस्तीतील शस्त्राचा अधिकार हा व्यक्तीचा अधिकार असून घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्यास बंदी करता येणार नाही, असे बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी स्पष्ट केले. दुसरी घटनादुरुस्ती ‘जनतेच्या’ अधिकाराबद्दल बोलते, तर प्रतिनिधिगृहाचे कलम ‘राज्यांतील जनतेबद्दल’. या एका शब्दाच्या अंतराने राजधानीच्या नागरिकास शस्त्र मिळाले, मत मात्र मिळाले नाही.

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यावरील बंदी यानंतरही कायम होती. जुलै २०१४ मध्ये एका संघीय न्यायालयाने तीही अवैध ठरवली. तेव्हा शहराने ‘सबळ कारण’ दाखवणाऱ्यांनाच परवाना देण्याचा कायदा केला. संघीय अपील न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये ही अट रद्द केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेल्यास प्रतिकूल निकाल देशभर लागू होईल, या भीतीने शहराने अपील केले नाही. अखेर जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी सर्वत्र घटनाबाह्य ठरवल्या.

२०१७ नंतर प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी आणि नोंदणी पूर्ण करणाऱ्या पात्र अर्जदारास छुपे पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळू लागला. मात्र शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती, मेट्रो आणि व्हाइट हाउसचा परिसर अशा ठिकाणी ते नेण्यास शहराच्या कायद्याने मनाई केली.

मताची किंमत

हेलर निर्णयानंतर अवघ्या आठ महिन्यांत दोन्ही प्रश्न संसदेत समोरासमोर आले. राजधानीला प्रतिनिधिगृहात मताधिकारासह एक जागा आणि तोल राखण्यासाठी रिपब्लिकन पक्षाचे प्राबल्य असलेल्या युटाला एक अतिरिक्त जागा देणारे विधेयक सिनेटपुढे होते. नेवाडाचे सिनेटर जॉन एन्साइन यांनी शहराचे बहुतेक शस्त्रनियंत्रण कायदे रद्द करणारी दुरुस्ती त्यास जोडली. २६ फेब्रुवारी २००९ रोजी ६१ विरुद्ध ३७ मतांनी विधेयक या दुरुस्तीसह संमत झाले.

शहरापुढे कठीण निवड उभी राहिली. दोन शतकांनंतर आलेली संधी दवडू नये, असे काहींचे मत होते. ज्या नागरिकांना मत द्यायचे, त्यांनीच निवडलेल्या परिषदेचे कायदे त्यासाठी पुसून टाकायचे, यास इतरांचा तीव्र विरोध होता. प्रतिनिधिगृहात विधेयक रखडले आणि एप्रिल २०१० मध्ये ते मागे ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या जनगणनेनुसार युटाला चौथी जागा आपोआप मिळाली आणि देवाणघेवाणीचा आधारच नाहीसा झाला.

स्वशासनाच्या मर्यादा

२०२३ मध्ये परिषदेची नवी दंडसंहिता संसदेने रद्द केली व अध्यक्ष जो बायडेन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वशासन कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन शहराचे पोलीस दल तीस दिवसांसाठी संघीय नियंत्रणाखाली आणले आणि नॅशनल गार्डचे जवान तैनात केले. प्रौढांवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले शहराचा नव्हे, तर अध्यक्षांनी नेमलेला संघीय अभियोक्ता चालवतो. त्या कार्यालयाने त्याच महिन्यात, रायफल वा शॉटगन बाळगण्यावरील शहराच्या बंदीनुसार गंभीर गुन्ह्याचे खटले दाखल न करण्याचे धोरण जाहीर केले. कायदा शहराचा, अंमलबजावणी मात्र शहरास उत्तरदायी नसलेल्या अधिकाऱ्याची, अशी ही रचना आहे.

राज्याच्या दर्जाची मागणी

२०२० च्या जनगणनेनुसार राजधानीची लोकसंख्या ६,८९,५४५ होती. ती वायोमिंग आणि व्हरमाँट या राज्यांहून अधिक आहे. या दोन्ही राज्यांना प्रत्येकी दोन सिनेटर आहेत. २०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के मतदारांनी राज्याच्या दर्जास कौल दिला. प्रतिनिधिगृहाने २०२० व २०२१ मध्ये तसे विधेयक संमत केले, परंतु सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. डेमोक्रॅटिक पक्षाला हमखास दोन सिनेटर मिळतील, हा रिपब्लिकन विरोधामागील राजकीय हिशेब आहे. घटनादुरुस्तीविना असा बदल शक्य आहे काय, हा घटनात्मक वादही कायम आहे.

दिल्लीशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. दिल्लीतही पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडे आहेत. परंतु दिल्लीकर लोकसभेत सात सदस्य पाठवतात आणि राज्यसभेतही दिल्लीच्या तीन जागा आहेत. शस्त्र बाळगणे मात्र भारतात मूलभूत अधिकार नसून १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्याचा विषय आहे. भारताच्या राजधानीत मत हा अधिकार आणि शस्त्र हा अपवाद आहे. अमेरिकेच्या राजधानीत शस्त्राच्या अधिकाराला न्यायालयाचे संरक्षण आहे आणि मतासाठी संसदेच्या दयेची वाट पाहावी लागते. त्या संसदेत ही मागणी मतास टाकली जाते, तेव्हा मागणाऱ्यांच्या बाजूने त्यांचे स्वतःचे मत नसते.