रंधा कुठला?

सुताराच्या पेटीतली हत्यारं एका घरात नांदणारी वाटतात, पण नावं विचारायला गेलं की प्रत्येकाचं गोत्र वेगळं निघतं. करवत म्हणजे संस्कृतातलं करपत्र. ओळंबा म्हणजे अवलंब. खुद्द सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. काव लावलेलं सूत ताणून लाकडावर रेघ उठवतो, तो सुतार. गुण्या मात्र फारशीतला, आणि फारशीतही तो पाहुणाच. त्याचं मूळ ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. शाळेतल्या ‘हेक्सागॉन’मधला ‘गॉन’ही तोच. चौकटीचा काटकोन बघायला सुतार गुण्या मागतो, तेव्हा नकळत ग्रीक बोलतो.

मग रंधा कुठला? त्याच्या पोटात आरपार भोक असतं, म्हणून कुणी रंध्राशी सोयरीक जुळवील. ती खोटी. फारशीत ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणं, आणि ज्यानं खरवडायचं तो ‘रंदा’. इराणात आजही हा एकच शब्द सुताराच्या हत्याराला आणि स्वयंपाकघरातल्या किसणीला चालतो. हिंदीत तो रंदा राहिला, मराठीत ‘द’चा ‘ध’ झाला. पूर्वेकडे आला तसा तो पश्चिमेकडेही गेला. तुर्कीत ‘रेंदे’ म्हणजे किसणीही आणि रंधाही. तुर्कांच्या राज्याबरोबर शब्द बाल्कन देशांत पोचला, आणि रुमानियाचा सुतार रंध्याला ‘रिंदेआ’ म्हणतो. त्याला मराठीचं एक अक्षर कळणार नाही, पण आपल्या सुतारानं ‘रंधा दे’ म्हटलं तर त्याचा हात बहुधा बरोबर हत्यारावर जाईल.

शब्द फारशी असला तरी हत्यार इराणात जन्मलं असं ठरत नाही. हाती लागलेले सर्वांत जुने रंधे रोमन आहेत. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून रंधे निघाले. जर्मनीत झालबुर्ग इथल्या रोमन लष्करी ठाण्यातही मिळाले. लाकडी ठोकळा, त्याला खालून लोखंडी तळ, मध्ये तोंड, तोंडात तिरकं बसवलेलं पातं आणि ते पाचरीनं आवळलेलं. आजच्या सुतारापुढे ठेवला तर कसा धरायचा हे त्याला सांगावं लागणार नाही. लॅटिनमध्ये त्याला ‘रुंकिना’ म्हणत.

रंध्याआधी लाकूड गुळगुळीत होत नव्हतं का? होत होतं, आणि देखणं होत होतं. त्याची साक्ष लोणावळ्याजवळ आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताला लाकडी फासळ्या दिसतात. त्या सागवानी आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षं जागच्या हललेल्या नाहीत. तिथल्याच एका ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या सामीचं नाव आहे. वेणुवासाचा हा मुलगा ‘वढकि’ होता, म्हणजे सुतार, आणि दाराचं काम त्यानं केल्याचं लेख सांगतो. हिंदीतला बढ़ई या वढकिच्याच वंशातला.

त्या काळाचं जुनं हत्यार म्हणजे वाकस. संस्कृत आणि पालीत ‘वासी’ नावाची त्याची बहीण भेटते. वाकसानं करायची क्रिया म्हणजे तासणं, आणि या क्रियापदाचं घराणं रंध्याहून थोर. ते संस्कृत ‘तक्ष्’ धातूवरून आलं. तक्षन् म्हणजे सुतार. ग्रीकमध्ये त्याचा भाऊबंद ‘तेक्तोन’, आणि आर्किटेक्ट म्हणजे मूळ अर्थानं मुख्य सुतार. गृहप्रकल्पाच्या फलकावर झळकणारा आर्किटेक्ट आणि नांगर तासणारा बलुतेदार शब्दकोशात एकाच पंगतीला बसतात.

गावच्या सुताराचं काम पाहिलं की वाकसाचा मान का होता ते समजतं. नांगर, कुळव, तिफण, गाडीचं जू ही त्याची कामं. त्यांना बळकटी हवी, बाक हवा. आरशासारखी सपाटी तिथे कुणी मागत नव्हतं, आणि सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं त्या बळकटीचं होतं. रंध्याला खरं काम मिळतं ते वाड्याच्या दारांत, देव्हाऱ्यात, पेटीत, पुढे कपाटात आणि शाळेच्या बाकात. वाकस शेताचा आणि रंधा घराचा, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

या दोघांतला खरा फरक मनगटाचा आहे. वाकसाचा घाव किती खोल जावा हे दर वेळी हात ठरवतो. चुकला की ढलपी जास्त निघते, आणि निघालेली ढलपी परत चिकटत नाही. रंध्यात ही खोली आधीच ठरवून ठेवलेली असते. तळाखाली पातं जेवढं डोकावतं तेवढाच छिलका निघतो, आणि ठोकळा जेवढा लांब तेवढं पृष्ठ सपाट येतं, कारण लांब ठोकळा खळग्यात उतरतच नाही, उंचवटेच कापत जातो. मनगटातली अक्कल लाकडी ठोकळ्यात भरून ठेवणं हा रंध्यामागचा शोध.

जपानची गोष्ट यासाठीच बोलकी आहे. तिथली होर्यूजीसारखी जुनी देवळं ठोकळ्याच्या रंध्याशिवाय उभी राहिली. भाल्याच्या पात्यासारखं ‘यारिगान्ना’ नावाचं हत्यार हातात धरून खांब सोलत. ठोकळ्याचा रंधा तिथे फार नंतर रुजला, आणि जपानी सुतारानं तो उलटा वापरला. जग ढकलतं, तो अंगाकडे ओढतो. आता तिथे पातळ छिलका काढण्याच्या स्पर्धा होतात आणि छिलक्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात.

रोमनांनंतर रंध्यात मोठे बदल दोनच झाले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पात्यावर दुसरी पट्टी आली. लाकडाचे तंतू उलटे असले की पातं कापण्याआधीच लाकूड पुढे फाटत जातं. धारेच्या अगदी लगत बसवलेली ही पट्टी छिलका तिथल्या तिथे मोडते आणि फाटणं थांबवते. दुसरा बदल अमेरिकेतला. लेनर्ड बेली यानं पातं स्क्रूनं वरखाली करायची युक्ती लोखंडी रंध्यात बसवली आणि 1869 मध्ये स्टॅन्ले कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला. पाचरीवर हातोडी मारून पातं ‘बसवायची’ कला तिथून मागे पडू लागली.

तरी एक गोष्ट कुणाला ठोकळ्यात भरता आली नाही, ती म्हणजे धार. साग तर लबाड. त्याच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते आणि ती पात्याची धार खाते. रंधा शिकायला बसलेल्याचे पहिले दिवस म्हणूनच लाकडापेक्षा दगडावर जास्त जातात. पातं घासायचं, मागची लव काढायची, पुन्हा घासायचं. धार बरोबर असली की रंध्याचा आवाज कागद फाडल्यासारखा सलग येतो. बोथट असली की तो अडखळतो आणि खांदा दुखतो. हात कुठे चुकला हे शिकवणाऱ्याआधी कान सांगतो.

तुम्हाला शिकायचं असेल तर नव्या रंध्यापेक्षा आधी धारेचा दगड घ्या. आजोळी माळ्यावर बाभळीच्या ठोकळ्याचा जुना रंधा पडला असेल तर पाचर सैल करून पातं बाहेर काढा, गंज घासा आणि सरळ तंतूच्या फळीवर चालवून बघा. आज बहुतेक कामं विजेचं यंत्र करतं. फिरत्या पात्यांच्या त्या यंत्राला ठोकळा नाही, पाचर नाही, किसणीशी साम्य नाही. सुतार त्यालाही रंधाच म्हणतात.