मयतीचा एक डॉलर

न्यू हेवनला उतरलात की एक विचित्र इमारत नजरेत भरते. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आणि मधे काचेचे तेवीस मजले. मला वाटलं, एखादी बँक असेल. जवळ गेल्यावर कळलं, ही ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ची कचेरी आहे. कॅथलिक पुरुषांची संघटना, वीस लाखांच्या आसपास सभासद आणि अब्जावधी डॉलरचा विमा व्यवसाय. सरदार, कोलंबस आणि विमा एकत्र कसे आले, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

उत्तर शोधायला 1882 सालच्या एका कोर्टात जावं लागतं. न्यू हेवनमधल्या डाउन्स कुटुंबाचा कर्ता माणूस वारला होता. मागे विधवा बाई, मुलं आणि कर्ज. कायदा असा होता की अल्पवयीन मुलासाठी कुणी पालक उभा राहून मोठ्या रकमेची हमी दिली नाही, तर मुलाला आईपासून काढून संस्थेत टाकायचं. आई जिवंत आहे, घरात आहे, पण हातात पैसा नाही, म्हणून तिची आई म्हणून गणती कमी! कोर्टात आल्फ्रेड डाउन्सचा पालक म्हणून एक तरुण पाद्री उभा राहिला. त्याचं नाव फादर मायकल मॅकगिव्हनी.

हा माणूस हे सगळं पुस्तकातून शिकलेला नव्हता. 1852 साली वॉटरबरीत एका आयरिश स्थलांतरित घरात तो जन्मला. तेरा भावंडांतला थोरला. वडील पितळेच्या कारखान्यात. तेराव्या वर्षी शाळा सोडून हाही कारखान्यात लागला. पुढे सेमिनरीत शिकत असताना 1873 साली वडील गेले आणि याचं शिक्षणच थांबायची वेळ आली. बिशपने मदत केली म्हणून तो पाद्री होऊ शकला. आपल्या आईला विधवा झाल्यावर काय सोसावं लागलं, हे त्याने पाहिलं होतं.

त्या काळी कनेक्टिकटमधले आयरिश मजूर म्हणजे कारखान्यातले धोके झेलणारी, लवकर मरणारी माणसं. सरकारी मदत नाही. फ्रीमेसन वगैरे मंडळं आपापल्या सभासदांना सांभाळत, पण चर्चने कॅथलिकांना तिथे जायला बंदी केलेली. मग तरुण जाणार कुठे? मॅकगिव्हनीने व्यवहारी मार्ग काढला. तसंच मंडळ आपणच काढू. 1881च्या ऑक्टोबरात सेंट मेरी चर्चच्या तळघरात काही माणसं जमली, आणि 29 मार्च 1882 रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

कल्पना अगदी साधी होती. कुणी सभासद गेला की बाकीच्यांनी प्रत्येकी एक डॉलर काढायचा आणि ती रक्कम विधवेच्या हातात द्यायची. गिरणगावातल्या कोकणी चाकरमान्यांच्या गावमंडळांची गोष्ट घरी ऐकली असेल, तर तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. यात भीक नाही; आज मी देतो, उद्या माझ्या घरी येईल. अडचण एकच. सभासद म्हातारे होत गेले की मयती वाढतात आणि दर महिन्याला डॉलर काढून माणूस वैतागतो. म्हणून पुढे वयानुसार हप्ते ठरले आणि तळघरातल्या वर्गणीची विमा कंपनी झाली.

नाव मात्र कोलंबसचं. प्रोटेस्टंट अमेरिकेला सांगायचं होतं, की इथे पहिला आला तो आमच्यातला होता, आम्ही उपरे नाही. (तो आपल्याकडे यायला निघाला होता, हे बाजूला ठेवू. ज्यांच्या किनाऱ्याला तो लागला, त्यांचं काय झालं, हे मात्र बाजूला ठेवता येत नाही.)

उपरेपणाची भीती खोटी नव्हती. 1922 साली ओरेगन राज्याने कायदा केला, की बहुतेक सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं. त्यामागे कू क्लक्स क्लॅनचं बळ होतं आणि रोख कॅथलिक शाळांवर होता. नाइट्सनी त्याविरुद्धच्या कोर्टाच्या लढाईला पैसा पुरवला. 1925 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. याच काळात त्यांनी एक इतिहासमाला काढली आणि तिच्यासाठी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी अमेरिकेच्या घडणीत काळ्यांचा वाटा किती, यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी उघडलेल्या नाइट्सच्या झोपड्यांवर पाटी असे: सर्वांचं स्वागत, सगळं फुकट.

आणि इथेच मी अडखळते. कारण संघटनेच्या स्वतःच्या दारावर ती पाटी नव्हती. सभासद घेताना गुप्त मतदान होई, आणि मूठभर नकार पडले तरी अर्ज बाद. कारण सांगायची गरज नाही. काळ्या कॅथलिकांचे अर्ज असेच बाद होत गेले. 1909 साली अलाबामातल्या मोबिल शहरात त्यांनी ‘नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ ही वेगळी संघटना काढली. मॅकगिव्हनीच्या माणसांना फ्रीमेसनांपासून दूर राहून जे करावं लागलं, तेच यांना मॅकगिव्हनीच्या माणसांपासून दूर राहून करावं लागलं. 1963 साली शिकागोत एका शिकल्यासवरल्या काळ्या अर्जदाराला नाकारलं, तेव्हा तिथल्याच काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. 1964 साली नियम बदलला: नाकारायला आता एक तृतीयांश मतं लागणार. एवढ्याशा बदलाला ब्याऐंशी वर्षं लागली.

आजचं चित्रही सरळ नाही. हीच संघटना गरीब मुलांना थंडीचे कोट वाटते, मतिमंद व्यक्तींसाठी निधी गोळा करते, 2022 नंतर युक्रेनच्या निर्वासितांना मदत पोचवते. हिनेच 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला मोठी रक्कम दिली आणि गर्भपातविरोधी केंद्रांना सोनोग्राफी यंत्रं पुरवली. ‘आपल्या’ माणसाला सांभाळणाऱ्या संस्थेची नजर पुन्हा पुन्हा ‘आपला कोण’ याच प्रश्नावर अडते, असं मला वाटतं. पण ज्या विधवेच्या घरी वेळेत पैसे पोचले, तिला मी हे ऐकवणार नाही.

मॅकगिव्हनी स्वतः 1890 साली गेला, फ्लूच्या जागतिक साथीत न्यूमोनिया होऊन. वय 38. 2020च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या एका साथीत, चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं. त्याचे अवशेष 1982 पासून सेंट मेरी चर्चमध्ये आहेत. त्या दुपारी मी तिथे थोडा वेळ बसले. ज्या तळघरात ती पहिली बैठक झाली, ते याच चर्चचं.