उत्तर कोणाच्या भांड्यांत?

दूध आणावयास जाणारा मनुष्य बरोबर भांडें नेतो. दूध किती मिळणार हें आधीं ठाऊक असेल तर ही रीत चांगली; भांडें लहान निघालें तर मात्र दूध सांडतें. शास्त्रीय गणितासाठीं संगणकास सूचना लिहिण्याच्या विद्येंतहि असाच भांड्याचा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षें चालला.

जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं रचलेली फोर्ट्रान भाषा १९५७ सालीं आयबीएम ७०४ या यंत्रासाठीं प्रचारांत आली. १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तींत सूचनांचे स्वतंत्र भाग लिहितां येऊं लागले. त्यांतील फंक्शन या भागास संख्या द्यावी व त्यानें उत्तर परत करावें. पण तें उत्तर एकच संख्या असे. संख्यांची अख्खी रांग, म्हणजे ॲरे, हवी असल्यास मागणारानेंच आधीं जागा राखावी व सबरूटीन नांवाच्या भागानें ती भरावी, असा दंडक होता. जागा अपुरी पडली तर यंत्र बहुधा तक्रार करीत नसे. शेजारची संख्या पुसली जाई, आणि चुकीचें उत्तर खऱ्याच्या ऐटींत छापून बाहेर पडे.

अक्षरांची स्थिति याहून बिकट होती. ७०४ च्या स्मृतींतील ३६ बिटांच्या एका कप्प्यांत सहा अक्षरें मावत. तीं संख्यांच्याच कप्प्यांत कोंबावीं लागत. अक्षरांचा स्वतंत्र प्रकार फोर्ट्रान ७७ मध्यें आला व फंक्शन अक्षरांची माळ परत करूं लागलें. परंतु तिची लांबी आधींच ठरलेली असे. उत्तर लांबलें कीं शेपूट मुकाट्यानें छाटलें जाई.

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेंत धोका निराळा. तेथें फंक्शन रांग देत नाहीं, रांगेचा पत्ता देऊं शकतें. ती रांग फंक्शनची तात्पुरती असली, तर काम संपतांच जागा मोकळी होते. धर्मशाळा सोडून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता हातीं यावा, तसा हा प्रकार.

वास्तविक रांग द्यावी व रांगच परत घ्यावी, ही उदार कल्पना केनेथ आयव्हर्सन यांनीं १९६२ च्या आपल्या ग्रंथांत मांडली होती. तिच्यांतूनच एपीएल भाषा निघाली. फोर्ट्रान ९० नें ती वाट धरली. पुढें फोर्ट्रान २००३ नें रांग व अक्षरमाला या दोहोंची लांबी काम चालू असतांना ठरविण्याची मुभा फंक्शनलाच दिली. ज्याला दुधाचें माप ठाऊक, त्यानेंच भांडें पुरवावें, असा हा न्याय.

प्रचंड गणितांत पुन्हापुन्हा नवें भांडें घडविण्याचा खर्च टाळण्यासाठीं जाणते लोक आजहि आपलेंच भांडें नेतात. फरक एवढाच, कीं ती आतां सक्ति राहिलेली नाहीं.