वर्षाचे भाडे ८८ सेंट : ऑग्सबर्गची फुगराय

१/ म्युनिकहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत ऑग्सबर्ग येते. रोमनांनी वसवलेले, आज सुमारे तीन लाख वस्तीचे हे शहर. येथे कमानीच्या दरवाजाआड पिवळसर भिंतींच्या घरांची एक वसाहत आहे. तिथल्या घराचे वर्षाचे मूळ भाडे आहे ८८ सेंट. १५२१ साली ते एक ऱ्हाइनी गिल्डर होते. त्याचेच हे आजचे रूप. 🧵

२/ वसाहतीचे नाव फुगराय. अशा प्रकारची, आजही वापरात असलेली ही जगातील सर्वांत जुनी वसाहत मानली जाते. संस्थापक याकोब फुगर (१४५९–१५२५). त्याचे आजोबा हान्स १३६७ मध्ये विणकर म्हणून या शहरात आले होते. नातवाने मात्र युरोपातील राजांना कर्जे दिली.

३/ ही संपत्ती आली कुठून? टिरोलच्या खाणींतील चांदी आणि हंगेरीतील तांबे यांतून. राजाला कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून खाणींचे उत्पन्न आपल्याकडे घ्यायचे, ही त्याची रीत. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदाच्या निवडणुकीत सुमारे साडेआठ लाख गिल्डर वाटले गेले. त्यांपैकी ५ लाख ४३ हजारांहून अधिक एकट्या फुगरचे होते.

४/ या व्यवहाराचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १५०५ मध्ये फ्रान्सिस्कु द आल्मेदा लिस्बनहून निघाला, तेव्हा त्याच्या आरमारातील तीन जहाजांत फुगर, वेल्सर आदी जर्मन व्यापाऱ्यांचे भांडवल होते. वाटेत किल्वा आणि मोंबासा लुटले गेले. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर किल्ला उभारला गेला. परतीच्या जहाजांत मिरी होती.

५/ दुसरा धागा चर्चचा. आर्चबिशपपद मिळवण्यासाठी ब्रांडेनबर्गच्या आल्ब्रेख्तने फुगरकडून कर्ज काढले. ते फेडण्यासाठी पापमुक्तीची पत्रे विकली गेली आणि त्या जमेचा निम्मा वाटा फुगरकडे वळला. याच विक्रीविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला. १५२० च्या लेखनात त्याने फुगरांवर नाव घेऊन टीका केली.

६/ अशा माणसाने गरिबांसाठी घरे बांधली. अटी तीन : रहिवासी ऑग्सबर्गचा असावा, कॅथलिक असावा आणि गरजू असावा. शिवाय त्याने फुगर कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. म्हणजे भाडे नाममात्र होते. खरे देणे प्रार्थनेच्या रूपात ठरले होते. सावकाराने येथेही हिशेब सोडला नाही, फक्त चलन बदलले.

७/ तरीही या योजनेतील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्या काळी दानधर्म म्हणजे बहुधा अन्नछत्र, भिक्षा किंवा आजाऱ्यांची सोय. येथे कष्टकरी कुटुंबाला स्वतंत्र घर मिळाले. खालच्या आणि वरच्या मजल्याला रस्त्यावर उघडणारी वेगवेगळी दारे आहेत. घंटा ओढण्याच्या दांड्यांचे आकारही निराळे, म्हणजे अंधारात चाचपून आपले दार ओळखता यावे. गरिबालाही स्वतःचा उंबरठा हवा, हे कुणीतरी जाणले होते.

८/ १६८१ ते १६९४ या काळात येथे फ्रान्झ मोझार्ट नावाचा गवंडी राहत होता. संगीतकार वोल्फगांग मोझार्टचा तो पणजोबा.

९/ फुगरांची पेढी टिकली नाही. हाब्सबर्ग राजांनी कर्जे बुडवली, तीस वर्षांच्या युद्धाने उरलेसुरले संपवले. गरिबांसाठी वेगळे काढलेले धन मात्र उरले. ते न्यासाच्या नावे होते आणि पुढे जमिनी व जंगलांत गुंतवले गेले. आजही वसाहतीचा खर्च मुख्यतः त्या जंगलांच्या उत्पन्नातून भागतो. सम्राटाला दिलेले बुडाले, विणकराला दिलेले तरले.

१०/ २५–२६ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. काही दिवसांतच फुगर कुटुंबाने ती पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला. ज्या तळघरात रहिवाशांनी आश्रय घेतला होता, तेथे आज प्रदर्शन आहे.

११/ आज ६७ घरांत सुमारे दीडशे माणसे राहतात. रात्री दहाला दरवाजे बंद होतात. उशिरा येणारा पहारेकऱ्याला किरकोळ रक्कम देतो. प्रवाशाला आत जाण्यास तिकीट लागते आणि ते रहिवाशाच्या वर्षभराच्या भाड्याच्या कितीतरी पट असते. हे संग्रहालय नव्हे, कुणाचे तरी घर आहे, हे खिडक्यांत डोकावताना विसरू नये.

१२/ जवळच सांक्ट आना चर्चमध्ये फुगरची समाधी आहे. १५१८ मध्ये ल्यूथर याच मठात उतरला होता. पुढे ते चर्च ल्यूथरपंथी झाले. आजन्म कॅथलिक राहिलेला सावकार आज विरोधी पंथाच्या छपराखाली विसावला आहे.

१३/ फुगरायने खाणी, मिरी आणि पापमुक्तीचा हिशेब पुसला जात नाही. पण त्या हिशेबामुळे दीडशे माणसांच्या डोक्यावरचे छप्परही खोटे ठरत नाही. ऑग्सबर्ग पाहायचे, ते या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवून.