साथीच्या आसनावरून : त्रिलोक गुर्टू यांचा वादनप्रवास

वाद्यवृंदात तालवादकाची जागा मागे असते. आमच्या नांदेड-लातूरकडील लग्नाच्या वरातीत चालणारा बँड पाहिला, तरी हे ध्यानात येते. गाण्याची चाल वाजविणाऱ्याला फर्माईश होते, त्याच्यावरून नोट ओवाळली जाते. ज्याच्या ठेक्यावर नाचणाऱ्यांचे पाय पडतात, त्याचे नाव मात्र कुणी विचारीत नाही.

मराठवाड्यात या उपेक्षेला आणखी एक कडवट पदर आहे. हलगी वाजविणे हे गावगाड्याने ठराविक समाजाच्या माथी मारलेले काम होते. वाद्य सर्वांच्या आनंदासाठी, वादक मात्र उंबऱ्याबाहेर! स्वाभिमान जागा झाल्यावर शिकलेल्या पिढीतील अनेकांनी हलगी खाली ठेवली, यात नवल नाही. पण त्या वाद्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेली लयही आपण खाली ठेवायची काय, हा प्रश्न आमच्या घरांतून अजून सुटलेला नाही. म्हणूनच मागच्या जागेवरून स्वतःच्या नावाने उभ्या राहिलेल्या एका तालवादकाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

तालवादकाचे हे अनामिकपण केवळ खेड्यातले नव्हते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या व मुंबईच्या ख्रिस्ती वादकांनी उभे आयुष्य वेचले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांसारखे कसलेले ड्रमवादक होते. त्यांचा ठेका देशभर घुमला. परंतु तबकडीच्या वेष्टनावर नाव झळके ते गायकाचे, संगीतकाराचे आणि नटनटींचे.

अशा या मुंबईत ३० ऑक्टोबर १९५१ रोजी त्रिलोक गुर्टू यांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्री म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू. त्या १९२५ साली बेळगावात जन्मल्या. माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांना जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ यांची तालीम लाभली होती. शोभाताईंचा आवाज 'सामना' या मराठी चित्रपटातूनही रसिकांनी ऐकला आहे. घरात स्वर आणि लय असे नांदत असताना त्रिलोक यांनी शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले. शाळा मात्र माटुंग्याची डॉन बॉस्को, सालेशियन धर्मगुरूंची.

पुढे त्यांना पाश्चात्य ड्रमची व जाझ संगीताची ओढ लागली. शिकविणारे कुणी नव्हते. तबकड्या ऐकून वाजवायचे, एवढाच मार्ग होता. ध्वनिमुद्रणात एकावर एक असे अनेक थर चढविता येतात, हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हते. जे ऐकू येते ते सारे एकाच माणसाने वाजविले आहे असे समजून ते सगळे भाग एकट्याने वाजविण्याची धडपड ते करीत. ही हकिगत १९९५ साली त्यांनीच दूरचित्रवाणीवर सांगितली होती. साधनांची उणीव कधी कधी अशी उपकारक ठरते.

सत्तरच्या दशकात ते युरोपात वाजवू लागले. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, ट्रंपेटवादक डॉन चेरी अशा मोठ्या कलावंतांची साथ त्यांनी केली. 'एम्ब्रियो' या जर्मन वाद्यवृंदाच्या १९७७ मधील तबकडीत ते वाजवितात आणि शोभाताई गातात. परदेशात पाय रोवू पाहणाऱ्या या मुलाने घरचा स्वर मागे टाकला नव्हता, याची ही पहिली खूण.

१९८४ साली एका दुःखद घटनेने त्यांच्या प्रवासाला वळण मिळाले. 'ओरेगॉन' या अमेरिकी वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीतील अपघातात मरण पावले. वॉलकॉट हे पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले. ज्या अमेरिकी माणसाने तबला आपलासा केला होता, त्याच्या रिकाम्या आसनावर ड्रम आपलासा केलेला मुंबईचा माणूस बसला! दिवंगत सोबत्याच्या जागी बसणे सोपे नसते. त्रिलोक यांनी त्या वाद्यवृंदाबरोबर १९८७ ते १९९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन तबकड्यांत वादन केले.

याच सुमारास गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत त्यांना स्थान मिळाले. एक गिटार, एक बास आणि एक तालवादक; तिघांत मागची रांग कुठून असणार? गिटारच्या स्वरांना ते तोंडाने बोल म्हणून उत्तर देत आणि मॅक्लॉफ्लिनही बोलांनीच प्रत्युत्तर करीत. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या या त्रयीच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जिज्ञासूंनी ते जरूर ऐकावे.

त्यांची बैठकही वेगळी. ड्रमवादक स्टुलावर बसतो. हे जमिनीलगत अर्धे गुडघ्यावर बसतात. एका हाताशी तबला-डग्गा, दुसऱ्या बाजूस ड्रम आणि झांजा. जवळच पाण्याने भरलेली बादली! तीत झांज किंवा शिंपल्यांची माळ बुडविली, की नाद थरथरत वर येतो. तबलजीची बैठक न सोडता त्यांनी परक्या वाद्याला आपल्या बैठकीवर आणले.

१९८८ साली 'उसफ्रेट' ही त्यांच्या स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, वाद्यवृंद तडकाफडकी सोडून ते स्वतंत्र झाले नाहीत. साथ करता करता त्यांनी आपली वाट तयार केली. दुसरी अशी, की या तबकडीत गायला त्यांनी आपल्या आईला बोलाविले आणि वाजवायला ज्यांची साथ केली होती त्या डॉन चेरींना. आयुष्यभर तबलजीच्या साथीने गायलेल्या आईने आता तबलजी मुलाला स्वराची साथ दिली. नव्वदच्या दशकात ते स्वतःच्या वाद्यवृंदाचे नायक झाले. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये जो झाविनुल, पॅट मेथिनी यांसारखे नामवंत त्यांच्या साथीला आहेत आणि शोभाताईही आहेत. २००२ साली शोभाताईंना पद्मभूषण मिळाले; २००४ साली त्या निवर्तल्या. डॉन चेरी १९९५ मध्येच गेले होते. २०१३ च्या 'स्पेलबाउंड' या तबकडीतून त्रिलोक यांनी चेरी आणि इतर थोर ट्रंपेटवादकांना आदरांजली वाहिली. मागच्या आसनावरून पुढे आलेला हा माणूस, पुढे असणाऱ्यांचे ऋण विसरला नाही.

आमच्या लातूरचा 'पॅटर्न' परीक्षेतील गुणांसाठी महाराष्ट्रभर गाजला आणि नांदेडही शिकवणी वर्गांनी गजबजले आहे. मुलाने डॉक्टर-इंजिनिअर व्हावे ही आईबापांची इच्छा रास्त आहे; दारिद्र्य पाहिलेल्या घरांना ती आम्ही चुकीची म्हणणार नाही. परंतु ज्या मुलाची बोटे पुस्तकावरही ठेका धरतात, त्याला 'ढोल बडवून पोट भरणार आहेस काय?' असे हिणविण्याआधी क्षणभर थांबावे. प्रत्येक मुलगा त्रिलोक गुर्टू होणार नाही, हे खरे. त्या यशामागे संगीताचे घर, गुरूची तालीम आणि अनेक वर्षांची निमूट साथसंगत उभी होती. आपल्या घरी गाणाऱ्या मेनकाबाई नसतील. पण हाडात मुरलेली लय आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली लोकसंगीताला उपासनेत मानाचे स्थान दिल्यापासून ढोलकीला वेदीजवळ जागाही आहे. एके काळी उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या हातांना तेथे आत बोलावणे आहे. त्या हातांना नीट तालीम मिळेल, एवढी व्यवस्था प्रत्येक धर्मग्रामाला करता येईल.

२०१९ साली त्रिलोक गुर्टू यांच्या एका तबकडीचे नाव होते 'गॉड इज अ ड्रमर', म्हणजे देव हाच तालवादक. नाव ऐकून कुणी भुवया उंचावतील. पण सकाळ-संध्याकाळ, पेरणी-कापणी आणि छातीतील ठोके ज्याने लयीत बांधले, त्याला हे नाव आवडले नसेल असे आम्हांस वाटत नाही.