प्रवाहाधारित फाइल-रूपांतर

प्रवाहाधारित फाइल-रूपांतर म्हणजे एका स्वरूपातील फाइल पूर्णपणे स्मृतीत न घेता, तिचे लहान तुकडे क्रमाने वाचून दुसऱ्या स्वरूपात लिहिण्याची संगणकीय पद्धत होय. क्रमाने मिळणाऱ्या बाइटांच्या मालिकेस ‘प्रवाह’ किंवा ‘स्ट्रीम’ म्हणतात. या पद्धतीत स्मृतीचा वापर मुख्यतः तुकड्याच्या आकारावर अवलंबून असल्याने ती मोठ्या फाइलींसाठी सोयीची ठरते.

कार्यपद्धती

वाचन, रूपांतर व लेखन हे तीन टप्पे प्रवाह संपेपर्यंत पुन्हा पुन्हा घडतात. जावा भाषेत ‘इनपुटस्ट्रीमरीडर’ बाइटांपासून अक्षरचिन्हे मिळवतो, तर ‘आउटपुटस्ट्रीमरायटर’ अक्षरचिन्हांचे पुन्हा बाइट करतो. युनिक्स प्रणालींवर ‘आयकॉन्व्ह’ ही आज्ञा संकेतन बदलण्यासाठी वापरली जाते.

देवनागरी मजकूर

इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात देवनागरी चिन्हास सामान्यतः एक बाइट लागतो. युटीएफ-८ मध्ये तीन लागतात. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील हिर्डोशी या गावाचे नाव युनिकोडमध्ये ह, ि, र, ्, ड, ो, श, ी अशा ८ चिन्हांनी लिहिले जाते. ते इस्कीत ८, तर युटीएफ-८ मध्ये २४ बाइट व्यापते. युटीएफ-८ फाइल १० बाइटांच्या तुकड्यांत वाचल्यास पहिल्या तुकड्यात तीन पूर्ण चिन्हे आणि हलन्ताचा केवळ पहिला बाइट येतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडल्यास हलन्त नष्ट होऊन नाव बिघडते व शोधात सापडत नाही. म्हणून अपूर्ण बाइट राखून पुढील तुकड्यास जोडावे लागतात.

श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांतील मजकुरात आणखी एक अडचण असते. तेथे चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात. ‘हि’मधील वेलांटी ‘ह’च्या आधी, तर ‘र्डो’मधील रफार ‘ड’नंतर येतो, युनिकोडमधील क्रम याच्या उलट असतो. त्यामुळे अक्षर पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत रूपांतरकास ते लिहिता येत नाही.

मर्यादा

संपूर्ण माहितीची वर्गवारी किंवा मागील नोंदींशी तुलना आवश्यक असल्यास केवळ एकदा वाचलेला प्रवाह पुरत नाही. रूपांतर मध्येच थांबल्यास अर्धवट फाइल उरते. म्हणून प्रथम तात्पुरत्या फाइलीत लिहून, काम पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव दिले जाते. मूळ फाइल पडताळणीपर्यंत जपून ठेवणे इष्ट असते.