वऱ्हाडातील हिवाळा आणि गारपीट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जऊळका हे वाशीम जिल्ह्यातील, अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. येथे हिम पडत नाही. पडते ती गार. गारांनी शिवार पांढरे झाले की लोक काश्मीरची उपमा देतात. ही उपमा वाटते त्याहून अधिक सार्थ आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वऱ्हाडच्या थंड हवेचा इतिहास सहसा चिखलदऱ्यापासून सांगितला जातो. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन याने ते ठिकाण 'शोधले' असे म्हणतात. शेजारचा गाविलगड इंग्रजांनी १८०३ मध्येच जिंकला होता आणि कोरकू तेथे पूर्वापार राहत होते. तेव्हा 'शोध' हा शब्द अंमळ विनोदीच ठरतो. साहेबांची ही हौस उन्हाळ्यातील होती. कुणब्याची हौस हिवाळ्यातील : शेतातील आगटी आणि हुरडा. हुरडा उणावला त्याचे खापर मात्र वाढत्या तापमानावर फोडता येणार नाही. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, हे त्याचे मुख्य कारण.

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मिरात बर्फ आणतात. त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे पसरून बंगालच्या उपसागरावरील बाष्पाशी गाठ पडली, की विदर्भात गारपीट होऊ शकते. अलीकडे या विक्षोभांचे वेळापत्रक विस्कटल्याचे दिसते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे राहिले. २०२५ मध्ये तेथील 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेथे खेळ पुढे ढकलता येतो, येथे उभा गहू-हरभरा ढकलता येत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील प्रदीर्घ गारपीट आणि ११ फेब्रुवारी २०१८ चा तडाखा या दोन्ही वेळी रब्बी पिके काढणीच्या तोंडावर होती. अर्थात एकेका गारपिटीवरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही. त्यासाठी दीर्घ नोंदी हव्यात.

अडचण नेमकी तेथेच आहे. पर्जन्यमापकात गार वितळते आणि उरतो तो मिलिमीटरचा आकडा. पैसेवारीत उत्पन्नातील घट दिसते, गारेचा आकार दिसत नाही. तो सांगतात गावातील वृद्ध, लिंबाएवढी की बोराएवढी, आणि बहुधा कोणाच्या लग्नाच्या वर्षी ते पडले हेही सांगतात. या कथनांची गाववार नोंद महाविद्यालयीन इतिहास विभागांना एका हिवाळ्यात करता येण्याजोगी आहे.